लोह गुणसूत्रं तोडतं हे खरंय, मग लाल गोळी बंद करायची का?

आपल्या खान्देशात रेशनच्या तांदळावरून आणि दवाखान्यातल्या लोहाच्या लाल गोळीवरून जे वाद चालतात ते ऐकून डोकं भणभणतं. आधी 'प्लास्टिकचा तांदूळ' होता, पाण्यात तरंगतो, जाळला की वितळतो वगैरे. ते जरा थंड पडलं तर आता नवीन निघालंय आणि यावेळी शास्त्राचा झगा घालून निघालंय: लोहामुळे पेशीत फ्री रॅडिकल (इलेक्ट्रॉनची जोडी तुटलेले, दिसेल त्याला ओरबाडणारे रेणूंचे तुकडे) तयार होतात, ते डीएनए तोडतात, गुणसूत्रांचे तुकडे पडतात, कॅन्सर होतो, म्हणून लोह मिसळलेला तांदूळ शिजवू नका आणि गरोदर बाईने त्या लाल गोळ्या उकिरड्यावर टाकाव्यात. रेशनच्या लाइनीतली म्हातारी त्याचं थोडक्यात करून टाकते, 'लोखंड खाईसन अंगले गंज लागस.' आणि समोरची बाजू काय करते, तर हसते. म्हणे अडाणी लोक, अफवा पसरवतात, लोहाने कोणाला कधी काही झालंय का, गपगुमान खा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. पहिल्या बाजूचं रसायनशास्त्र बरोबर आहे पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकलाय. दुसऱ्या बाजूचा निष्कर्ष बराचसा बरोबर आहे पण 'कोणालाच काही होत नाही' हे खोटं आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहून असं बोलणं तर जास्तच बेजबाबदार आहे. भांडायचंच असेल तर एकाच गोष्टीसाठी भांडा: बाईचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, कमी आलं की तीच गोळी देत राहण्याआधी ते *कशामुळे* कमी आहे हे कोणीतरी बघितलं पाहिजे. त्याच्यासाठी कोणीच भांडत नाहीये.

आता रसायनशास्त्र नीट बघू, कारण ज्याला विरोध करायचा त्याचं सगळ्यात भक्कम म्हणणं आधी ऐकून घ्यावं लागतं. १८९४ मध्ये केंब्रिजच्या हेन्री फेंटन नावाच्या केमिस्टने लिहून ठेवलं की टार्टारिक ॲसिडमध्ये (चिंचेत असतं तेच) थोडं लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की ॲसिडचं झपाट्याने ऑक्सिडेशन होतं, नुसत्या पेरॉक्साइडने तसं होत नाही. पुढे १९३४ मध्ये हाबर आणि वाइस या दोघांनी सांगितलं की या भानगडीत हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा एक भयंकर तापट तुकडा तयार होतो. हा हाबर तोच, ज्याच्या अमोनियाच्या शोधावर आपला कपाशीला टाकायचा युरिया उभा आहे. तर हे पेरॉक्साइड बाटलीतलंच असतं असं नाही, आपण श्वास घेतो त्या ऑक्सिजनमधून पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात थोडं थोडं सुपरऑक्साइड गळतं, त्याचं पेरॉक्साइड होतं, चोवीस तास चालू असतं ते. आणि तिथे सुटं लोह सापडलं की फेंटनची रिॲक्शन. हा हायड्रॉक्सिल रॅडिकल जेमतेम एक नॅनोसेकंद जगतो आणि तेवढ्यात समोर येईल त्याला ओरबाडतो. समोर डीएनए असला तर त्याच्या चार अक्षरांतल्या ग्वानिनचं ऑक्सिडेशन होतं, ते बिघडलेलं ग्वानिन सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी जोडी लावतं आणि पुढच्या पेशीत चुकीचं अक्षर जातं. साखरेचा कणा ओरबाडला तर धागा तुटतो. एक धागा तुटला तर समोरचा धागा बघून दुरुस्ती होते, पण दोन्ही धागे जवळच्याच जागी तुटले तर ते गुणसूत्रच तुटलं, आणि तुटलेली टोकं भलत्याच टोकाला चिकटली तर मायक्रोस्कोपखाली रिंग झालेली, दोन सेंट्रोमियरवाली (सेंट्रोमियर म्हणजे गुणसूत्राची कंबर, ती एकच असायला पाहिजे), तुकडा हरवलेली गुणसूत्रं दिसतात. गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमियर, तिथे ग्वानिन ओळीने बसलेलं असतं त्यामुळे तिथे हा मार जरा जास्तच बसतो.

आणि हे 'असं होत असावं' या पातळीवरचं नाही. १९५४ मध्ये रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या बाईने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मांडलं की जास्त ऑक्सिजनने होणारी विषबाधा आणि एक्स-रेने होणारी इजा यांच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे, फ्री रॅडिकल. तेव्हा हे कोणाला पटेना, आज ते पाठ्यपुस्तकात आहे. १९८० च्या दशकात प्रयोग झाले, पेशींवर पेरॉक्साइड ओतायचं पण त्याआधी लोहाला पकडून ठेवणारं एखादं रसायन आत घालायचं. डीएनए तुटणं जवळपास थांबलं! म्हणजे पेरॉक्साइड होतंच की तिथे, पण लोह हाताला लागेना म्हणून ते नुसतं फिरत राहिलं. १९८८ मध्ये इमले आणि लिन यांनी ई. कोलाय बॅक्टेरियात दाखवलं की पेरॉक्साइडने डीएनएला होणारी जीवघेणी इजा मुळात फेंटनमार्फत होते. जपानमध्ये उंदरांना लोहाचं एक खास संयुग टोचून किडनीचा कॅन्सर करून दाखवलाय. माणसांत बघायचं तर हिमोक्रोमॅटोसिस नावाच्या आनुवंशिक आजारात आयुष्यभर लिव्हरमध्ये लोह साचतं आणि त्या लोकांत लिव्हरच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. मग अजून काय पुरावा पाहिजे? लोह गुणसूत्रं तोडतं. मान्य. शंभर टक्के मान्य.

पण त्या नॅनोसेकंदाकडे परत बघा जरा. एवढ्या वेळात हायड्रॉक्सिल रॅडिकल काही नॅनोमीटरच जाऊ शकतो आणि डीएनएची जाडीच दोन नॅनोमीटर. म्हणजे डीएनए तोडायचा असेल तर तो रॅडिकल डीएनएच्या अंगावरच तयार व्हायला लागतो, म्हणजे लोह तिथेच, त्या धाग्याला चिकटून बसलेलं पाहिजे. पोटातलं लोह, रक्तात बांधलेलं लोह, हिमोग्लोबिनच्या आत जखडलेलं लोह, यांचा गुणसूत्राशी थेट संबंधच येत नाही. शेतकऱ्याच्या घरी कडबाही असतो आणि काडीपेटीही असते, दोन्हीशिवाय चालत नाही, फक्त काडीपेटी कोणी कडब्याच्या गंजीत ठेवत नाही. पेशीचा सगळा खटाटोप एवढाच आहे. रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन लोहाला धरून फिरवतं आणि निरोगी माणसात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश जागा भरलेल्या असतात, दोन तृतीयांश रिकाम्याच, म्हणजे सुटं लोह दिसलं की पकडायला हात मोकळे. पेशीत फेरिटिन असतं, २४ तुकड्यांचा पोकळ गोळा, त्यात साडेचार हजारापर्यंत लोहाचे अणू कोंडता येतात. अख्ख्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह, पण रोज आत घेतो फक्त १ ते २ मिलिग्रॅम, कारण जादा लोह बाहेर टाकायचा शरीराकडे रस्ताच नाहीये, म्हणून सगळा पहारा आत येण्याच्या दारावर. लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं, साठा पुरेसा असला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून लोह आत यायचं बंद होतं. आता सांगा, लोह नुसतं विष असतं तर शरीराने लाल पेशी मोडून रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह परत वापरायचा एवढा कुटाणा कशाला केला असता, फेकून नसतं दिलं?

याचं उत्तर फार जुनं आहे. जीव पृथ्वीवर आले तेव्हा हवेत मोकळा ऑक्सिजन जवळपास नव्हताच आणि समुद्रात विरघळलेलं लोह भरपूर होतं, त्यामुळे सुरुवातीच्या जिवांनी जिथेतिथे लोह वापरून घेतलं. मग साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागला आणि जे आतापर्यंत बिनधोक हत्यार होतं तेच धोक्याचं झालं, पण तोपर्यंत त्याच्याशिवाय जगणं अशक्य झालेलं. आणि यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट, जी 'लोह डीएनए तोडतं' म्हणणारा कोणीच सांगत नाही: डीएनए *बनवायला* लोह लागतं. डीएनएच्या विटा तयार करणारं एन्झाइम, रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज, त्याच्या पोटात लोहाचे अणू बसलेत. डीएनएची नक्कल काढणाऱ्या पॉलिमरेजमध्ये लोह-गंधकाचा पुंजका आहे. तुटका, बिघडलेला डीएनए दुरुस्त करणाऱ्यांतले एक्सपीडी, एमयूटीवायएच अशांमध्ये पण तोच पुंजका. म्हणजे ते बिघडलेलं ग्वानिन चुकीच्या जोडीला बसलं की ती चूक हुडकून काढणारं एन्झाइम स्वतः लोहावर चालतं. लोह काढून टाका शरीरातून, गुणसूत्रं वाचतील का? २००२ मध्ये उंदरांवर एक अभ्यास झाला त्यात लोह जास्त दिलेल्या आणि लोह कमी पाडलेल्या, दोन्ही गटांत मायटोकॉन्ड्रिया आणि त्यांचा डीएनए बिघडलेला दिसला. दोन्ही! इकडे आड, तिकडे विहीर.

मग प्रश्न उरतो मात्रेचा, आणि मात्रेचा हिशेब करायला कोणी तयार नाही, दोन्हीकडचे लोक नुसते आवाज चढवतात. चला आपण करू. फोर्टिफाइड, म्हणजे लोह मिसळलेल्या, तांदळाचं सरकारी प्रमाण आहे किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह. माणशी महिन्याला ५ किलो धान्य धरा, आणि ते सगळं तांदूळच आहे असं धरा (आपल्याकडे तसं नसतं, आपण ज्वारी-बाजरी-कळण्याची भाकरी खाणारी माणसं, भात चवीपुरता, नवापूरकडे जरा जास्त). तरी वरच्या टोकाने २१२ मिलिग्रॅम महिन्याला, दिवसाला ७. आपल्या शाकाहारी ताटातून साधारण ८ टक्के लोह अंगात मुरतं असं धरतात, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅमच्या जरा वर. वर्षाचं साधारण २०० मिलिग्रॅम. आता याच्या शेजारी रक्ताची एक पिशवी ठेवा. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं आणि ते आतड्याचा पहारा चुकवून थेट शिरेत जातं. थॅलेसेमिया मेजर (जन्मापासून हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) असलेलं मूल दर दोन-चार आठवड्यांनी अशी पिशवी घेतं. म्हणजे वर्षभराच्या तांदळातून जास्तीत जास्त जेवढं मुरेल तेवढं त्या लेकराला एका बैठकीत मिळतं, आणि मग त्याच्या रक्तात खरोखर सुटं लोह फिरायला लागतं, हृदयावर, लिव्हरवर बसतं, म्हणून त्याला लोह काढणारं औषध कायम घ्यावं लागतं. फेंटनची भीती घालायची असेल तर ती इथे आहे. खिचडीत नाही.

लाल गोळीचा हिशेब वेगळा आहे आणि तो पण सांगतो, लपवायचं कशाला. गरोदरपणात रोज ६० मिलिग्रॅम, १८० दिवस, म्हणजे १०,८०० मिलिग्रॅम. आकडा मोठा वाटतो. पण एका गरोदरपणाला एकूण साधारण १,००० मिलिग्रॅम लोह लागतं, आणि गोळीतलं दहाएक टक्के जरी मुरलं तरी हिशेब तिथेच येऊन बसतो. बाकीचं आतड्यातून जातं, शौचाला काळं होतं, पोट जड होतं, मळमळतं, म्हणून बाया गोळ्या डब्यात ठेवून देतात. त्यांची तक्रार खरी आहे आणि 'नाटकं करू नको' हे त्याचं उत्तर नाहीये. झुरिकच्या लोकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण मुलींवर बघितलं की एक दिवसाआड गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह मुरतं, कारण रोज घेतली की हेप्सिडिन चढून बसतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी बरीचशी वाया जाते. असल्या गोष्टींवर चर्चा करा की, पण नाही, आपल्याला एकतर अमृत पाहिजे नाहीतर जहर.

आणि अजून एक. ज्या तांदळावर गुणसूत्रं तोडल्याचा आरोप आहे त्यात लोहाबरोबर फॉलिक ॲसिड आणि बी-१२ पण असतं, लाल गोळीतही फॉलिक ॲसिड असतं. फॉलेट कमी पडलं की काय होतं माहितीये? डीएनएत थायमिनच्या जागी युरासिल बसायला लागतं, दुरुस्ती करणारी एन्झाइमं ते कापत बसतात आणि कापाकापीत गुणसूत्रच तुटतं. हे १९९७ मध्ये माणसांत दाखवलं गेलंय. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, सदरलँड नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने दाखवलं की गुणसूत्रांवरच्या काही नाजूक जागा पेशींना फॉलेट नसलेल्या द्रावणात वाढवलं तरच तुटलेल्या दिसतात. म्हणजे गुणसूत्रांची एवढीच काळजी असेल तर ती गोळी फेकून तुम्ही गुणसूत्रं तोडणारी एक खात्रीची गोष्ट घरात आणताय.

फॉलेटचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्या मुंबईतली. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होती. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बाया भयंकर रक्तक्षयाने मरत होत्या आणि कारण सापडत नव्हतं. तिने बायांचं खाणं बघितलं, राहणं बघितलं, रक्त बघितलं तर लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या निघाल्या. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, इथे मोठ्या. म्हणजे रोग वेगळा. शेवटी यीस्टच्या अर्काने त्या बाया सुधारल्या, १९३१ मध्ये तिने हे छापलं आणि त्या अर्कातला अज्ञात पदार्थ पुढे फॉलेट म्हणून ओळखला गेला. जगाला फॉलेटचा पहिला धागा मुंबईच्या गिरणकामगार बायांच्या रक्तात सापडला. आणि तो सापडला कसा, तर रक्त पातळ आहे म्हणून सगळ्यांना एकच औषध न देता कोणीतरी मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातला म्हणून. शंभर वर्षं होत आली, आपण अजून बोटाला टोचून एचबीचा एक आकडा काढतो आणि पुढची गोळी ठरलेली.

इथे मी लोहाला विरोध करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतो, कारण त्यांचं सगळ्यात ताकदीचं म्हणणं ते स्वतःच नीट मांडत नाहीत. २०१६ ते १८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेऊन तपासलं तेव्हा १ ते ४ वर्षांच्या मुलांत ॲनिमिया ४१ टक्के आला, आणि २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, जिथे बोटाचं रक्त घेतात, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ६७ टक्के. वयोगट थोडा वेगळा हे मान्य, पण एवढी तफावत तेवढ्याने येत नाही, मोजायच्या पद्धतीचाही त्यात हात आहे. वर पहिल्या सर्वेक्षणात असंही निघालं की लोहाची कमतरता गरिबांपेक्षा बऱ्या घरातल्या मुलांत आणि खेड्यापेक्षा शहरात जास्त! मग गरीब मुलांचा ॲनिमिया कशाचा? जंतांचा, सततच्या तापाचा, बी-१२ चा, फॉलेटचा, आणि आपल्या भागात सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा. देशातलेच काही नामवंत पोषणतज्ज्ञ सांगतायत की सरसकट सगळ्यांना लोह देण्याचा पाया कच्चा आहे, पुरुषांना आणि पाळी गेलेल्या बायांना ते लागत नाही, साठा वाढला की डायबेटिसचा धोका वाढतो अशा खुणा आहेत. या लोकांना अफवाखोर म्हणणार का?

सिकलसेलचं तर अजून नाजूक आहे. अक्कलकुवा, धडगाव, मोलगी, तळोदा, तिकडे शिरपूर-चोपडा-यावलच्या वरच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा वस्तीत सिकलसेलची जीन चांगलीच पसरलेली आहे. जळगावसारख्या शहरात सिंधी, लोहाणा घरांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक इतरांपेक्षा जास्त सापडतात. थॅलेसेमियात बोन मॅरो फुकट राबतो, लाल पेशी बनवायचा प्रयत्न करतो आणि त्या आतच मरतात, मग तो एरिथ्रोफेरॉन नावाचा निरोप पाठवतो (हे २०१४ मध्ये सापडलं), त्याने हेप्सिडिन खाली येतं आणि अंगात लोह साचलेलं असूनही आतडं अजून लोह ओढत राहतं. म्हणजे वर मी ज्या पहाऱ्याचं कौतुक केलं तो पहारेकरीच इथे झोपलेला. अशा माणसाचं एचबी ८ बघून त्याला महिनोन्महिने लोह देत राहणं, किंवा लोहाची सलाईन लावणं, हे बरोबर आहे का? नाही. आधी लोह मिसळलेल्या अन्नाच्या पाकिटावर थॅलेसेमिया-सिकलसेलवाल्यांसाठी इशारा असायचा, २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने पुरावा बघून तो काढायला लावला. तांदळापुरता तो निर्णय मला पटतो, वरचा हिशेब बघा म्हणजे का ते कळेल. पण इशारा काढला म्हणजे तपासणीची गरज संपली असं जे काही जण बोलतात ते पटत नाही.

अति उत्साहाने काय होतं त्याचेही दाखले आहेत. पॅरिसचा त्रूसो नावाचा नावाजलेला डॉक्टर एकोणिसाव्या शतकातच सांगत होता की टीबीच्या पेशंटला लोह दिलं की दबलेला रोग उसळतो, कारण जंतूंनाही लोहच पाहिजे असतं. लोकांनी ते जुनाट म्हणून बाजूला टाकलं. मग २००६ मध्ये झांझिबारजवळच्या पेंबा बेटावरचा मोठा अभ्यास छापून आला. मलेरिया भरपूर असलेल्या भागातल्या लहान मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिड सरसकट दिलं तर दवाखान्यात भरती होणं आणि मृत्यू वाढले, अभ्यासातलं ते लोह देणं मध्येच थांबवावं लागलं. तेव्हापासून जागतिक आरोग्य संघटनाही मलेरियाच्या भागात जपून, आधी मलेरियाची सोय बघून द्या म्हणते. तेव्हा 'लोहाने कोणाला काय होतंय' हे वाक्य परत कोणी बोललं तर त्याला पेंबा विचारा.

पण म्हणून बंद? आयोडीनच्या मिठाचं आठवा जरा. १९९८ मध्ये बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आली, 'कंपन्यांचा डाव', 'जबरदस्ती', 'आमच्या आजीने कधी खाल्लं होतं का' असं सगळं झालं, २००० मध्ये बंदी उठवली आणि पुढे २००६ पासून परत आणावी लागली. त्या मधल्या वर्षांत विरोध करणाऱ्यांचं एकच खरं होतं, की सगळ्यांना सारखी गरज नव्हती. तरी गलगंडाच्या भागातल्या पोटातल्या बाळाला त्याची गरज होतीच. आता लोहाला आयोडीनसारखं बिनधास्त समजू नये हे मी वर सांगितलंच, शरीर जादा आयोडीन लघवीतून टाकतं, लोह टाकत नाही. पण बंद करण्याची किंमत कोण देणार हा प्रश्न तोच आहे. बाळंतपणात रक्त जातं तेव्हा एचबी ६ ची बाई आणि ११ ची बाई यांच्यात जगण्या-मरण्याचा फरक पडतो, आणि ती बाई नंदुरबारला पोचेपर्यंत डोंगरातला रस्ता काय असतो हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. आणि सिकलसेल असलेल्या सगळ्यांच्या अंगात लोह ओसंडून वाहतं हाही गैरसमज आहे. वारंवार रक्त चढवलेल्यांत ते साचतं, पण ज्यांना कधी रक्त चढवलंच नाही, खायला नीट नाही, पाळीचं रक्त जातं, अशा आपल्याकडच्या कितीतरी सिकलसेलच्या बायांत उलट लोहाची कमतरताच असते. वाहक असेल, म्हणजे एकच जीन असेल, तर तिला इतरांसारखंच लोह लागतं. त्यांना 'तुला सिकल आहे, गोळी नको' म्हणून परत पाठवणं हा दुसऱ्या टोकाचा अन्याय.

यात गंमत म्हणजे सिकलसेलला जे हायड्रॉक्सियुरिया देतात ते डीएनएच्या विटा बनवणाऱ्या त्या लोहवाल्या एन्झाइमलाच अडवतं, आणि त्या एन्झाइमचं काम चालतं ते त्याच्या आत जपून ठेवलेल्या एका फ्री रॅडिकलवर! म्हणजे फ्री रॅडिकलही सगळे वाईट नाहीत. हे कळलं नाही म्हणून एकदा जगाने मोठा मार खाल्लाय. १९५६ मध्ये हार्मनने म्हातारपण फ्री रॅडिकलमुळे येतं म्हणून मांडलं, मग फ्री रॅडिकल विझवणाऱ्या अँटिऑक्सिडंटची लाट आली, आणि फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट पिणाऱ्या पुरुषांवर बघितलं तर १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत लंग कॅन्सर १८ टक्क्यांनी *जास्त*. दोन वर्षांनी अमेरिकेतला तसलाच अभ्यास वेळेआधी बंद करावा लागला. तेव्हा लोहाची भीती घालून झाल्यावर शेवटी जो 'डिटॉक्स पावडर'चा डबा पुढे सरकवतो ना, त्याला हे विचारा. आणि हो, लोहाच्या बाजूनेही थापा कमी नाहीत. भरिताची वांगी चिरली की काळी पडतात, केळं काळं पडतं, म्हणजे त्यात भरपूर लोह, हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. ते काळं पडणं एका एन्झाइमचं काम आहे आणि त्या एन्झाइममध्ये तांबं असतं, लोह नाही. केळ्याच्या जिल्ह्यात तरी हे माहीत पाहिजे राव.

मला खरा राग कशाचा येतो सांगू का? खिचडीतल्या लोहाने गुणसूत्रं तुटतील म्हणून जो तावातावाने बोलत असतो त्याच्या गालात पुडी असते. सुपारीच्या अर्काला चुन्याने अल्कली केलं की त्यातून सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड निघतं, आणि सोबत लोह असलं की डीएनएवर मार बसतो, हे प्रयोगशाळेत १९८० च्या दशकातच दाखवलंय. म्हणजे ज्या फेंटनला घाबरून तांदूळ निवडून फेकताय त्याचा कारखाना तुम्ही दिवसाला दहा वेळा गालात चालवताय, तोही गालाच्या पेशींना चिकटून, जिथे ट्रान्सफेरिन नाही की फेरिटिनचा पहारा नाही. सुपारी एकटी, तंबाखू नसताना सुद्धा, कॅन्सर करते असं जागतिक कॅन्सर संस्थेने विसेक वर्षांपूर्वी जाहीर केलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि बंदी कशी आहे ते कोणत्याही बसस्टँडवर बघून घ्या. त्यावर मेसेज येत नाहीत.

तर मागायचं असेल तर हे मागा. २०२३ पासून सिकलसेलच्या राष्ट्रीय मिशनमध्ये ४० वर्षांच्या आतल्यांची तपासणी चालू आहे, कार्ड दिली जातात. ते कार्ड आणि गोळ्यांचं रजिस्टर एकमेकांना भेटलं पाहिजे, आशाताईच्या हातात गोळी द्यायच्या वेळी समोरच्या बाईचं कार्ड कोणतं हे असलं पाहिजे. एसएस (सिकलसेलची दोन्ही जीन) किंवा थॅलेसेमिया निघाला तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघितल्याशिवाय लोह सुरू करू नका, आणि फेरिटिन तापात-इन्फेक्शनमध्ये उगाच वाढलेलं दिसतं तेव्हा सोबत सीआरपी (अंगातली सूज-इन्फेक्शन दाखवणारी रक्ताची तपासणी) करा. बाकीच्यांना गोळी लगेच द्या, तपासणीच्या नावाखाली गरोदर बाईचे दोन महिने घालवू नका, पण महिनाभर नियमित घेऊन एचबी हललंच नाही तर तीच गोळी अजून तीन महिने लिहून देण्याऐवजी तिचं रक्त पुढे पाठवा, जंत बघा, बी-१२ बघा. फेरिटिनची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात होत नसेल तर सॅम्पल धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जायची सोय करा, तिन्ही जिल्ह्यांत आता कॉलेज आहे. ग्रामसभेत तांदळावर तासभर भांडतो आपण, त्यातली दहा मिनिटं या सॅम्पलच्या गाडीसाठी काढा. आणि गोळ्यांची बाटली लहान पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा, गोड गोळी समजून मूठभर लाल गोळ्या गिळलेलं पोर खरोखर दगावू शकतं.